फिनलंडचे वृंदगान आणि एकोणिसाव्या शतकातील राष्ट्रभावना

मूळ लेख

फिनलंडच्या राष्ट्रीय चळवळीचा विषय निघाला की बहुतेक लेखक एलियास ल्योनरोट याने संकलित केलेल्या 'कालेवाला' या महाकाव्यापासून सुरुवात करतात आणि तेथून थेट फिनिश संगीतकार सिबेलियसच्या वाद्यवृंदासाठीच्या रचनांकडे वळतात. 'कालेवाला'ची पहिली आवृत्ती १८३५ साली आणि वाढवलेली आवृत्ती १८४९ साली निघाली, आणि तिचे महत्त्व मला मुळीच कमी लेखायचे नाही. परंतु त्या काळी हा ग्रंथ विकत घेऊन वाचणारे लोक थोडे होते, आणि वाद्यवृंद ऐकणे हे तर शहरी माणसाच्याच वाट्याला येणारे सुख होते. खेड्यातल्या माणसाला आपण एका मोठ्या समाजाचे घटक आहोत हे स्वतःच्या गळ्याने अनुभवता आले ते गायकवृंदामुळे, म्हणजे चार आवाजांत गाणाऱ्या कॉयरमुळे, असे माझे मत आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की हे कॉयर मुळात फिनिश नव्हते. त्याची रीत जर्मन होती, ते स्वीडनच्या विद्यापीठांच्या वाटेने आले होते आणि सुरुवातीची कित्येक वर्षे ते स्वीडिश भाषेत गात होते. ही परकी रीत राष्ट्राची कशी झाली, हे या धाग्यात मांडण्याचा प्रयत्न करतो.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. शतकानुशतके स्वीडनच्या राज्याचा भाग असलेला फिनलंड १८०९ साली रशियाच्या झारकडे गेला, तो 'ग्रँड डची' म्हणजे स्वायत्त संस्थान म्हणून. कायदे, लुथरन धर्म आणि स्वीडिश भाषेतला कारभार पूर्वीप्रमाणेच चालू राहिला. १८१२ साली राजधानी तुर्कूहून हेलसिंकीला हलवण्यात आली आणि १८२७ च्या भीषण आगीत तुर्कू शहर जळाल्यानंतर, १८२८ साली, तेथील विद्यापीठही हेलसिंकीत आले. शेतकरी बहुसंख्येने फिनिश बोलत, तर अधिकारी, प्राध्यापक, धर्मगुरू आणि व्यापारी यांचा व्यवहार स्वीडिशमध्ये चाले.

या नव्या विद्यापीठात १८३५ च्या सुमारास हँबर्गचा एक तरुण संगीतशिक्षक रुजू झाला. फ्रेडरिक पासियुस हे त्याचे नाव. व्हायोलिनवादक आणि संगीतकार लुई श्पोर याचा तो शिष्य होता, आणि जर्मनीत त्या काळी गावोगावी फोफावलेली पुरुषवृंदांची परंपरा त्याच्या अंगवळणी पडलेली होती. १८३८ साली त्याने विद्यार्थ्यांचा 'आकादेमिस्का सोंगफ्योरेनिंगेन' हा पुरुषवृंद स्थापन केला. आपल्याकडे समूहात गाताना सर्वजण एकच चाल गातात. या रीतीत मात्र दोन टेनर (उंच पुरुषी आवाज) आणि दोन बास (खर्जातले आवाज) अशा चार निरनिराळ्या चाली एकाच वेळी चालतात आणि त्यांच्या मेळातून गाणे उभे राहते. त्यासाठी वाद्य लागत नाही, सभागृह लागत नाही. गाणाऱ्यांनी एकमेकांचे ऐकत नियमित तालीम करणे एवढेच पुरते. ज्या देशात पैसा, वाद्ये आणि व्यावसायिक वादक यांची वानवा होती, तेथे ही रीत का रुजली याचे उत्तर मला या साधेपणात दिसते.

१३ मे १८४८ रोजी हेलसिंकीच्या सीमेवरील कुम्ताह्ती येथील कुरणात विद्यार्थ्यांनी वसंतोत्सव साजरा केला आणि त्यात योहान लुडविग रूनेबेर्ग याची 'वोर्त लांद' ही स्वीडिश कविता पासियुसच्या चालीत प्रथम गायली गेली. युरोपभर क्रांतीचा वणवा पेटलेला तो काळ होता आणि सरकारचे विद्यार्थ्यांकडे बारीक लक्ष होते. कवितेत मात्र बंडाचा एकही शब्द नाही. आमची भूमी गरीब आहे, सोन्याच्या लोभाने आलेला तिच्याकडे पाठ फिरवून निघून जाईल, पण आमच्यासाठी तिची सरोवरे आणि तिचे किनारे हेच धन आहे, असा तिचा सूर आहे. झारचा उल्लेख नाही आणि स्वीडनचाही नाही. एका जर्मनाने चाल दिलेले, स्वीडिशमध्ये लिहिलेले हे गीत पुढे 'माम्मे' या फिनिश नावाने फिनलंडचे राष्ट्रगीत बनले. आजही त्याला कायद्याने तसा दर्जा दिलेला नाही. लोकांनी गाऊन गाऊन तो दिला आहे. आज गायला जाणारा फिनिश पाठ मुख्यतः पावो कायांदर याच्या १८८९ सालच्या अनुवादावर आधारलेला आहे.

यानंतरची काही वर्षे कठीण होती. १८५० साली सरकारने हुकूम काढला की फिनिश भाषेत धर्म आणि शेती-उद्योग यांखेरीज अन्य विषयांवरील मजकूर छापू नये. १८५२ साली विद्यार्थ्यांच्या प्रांतवार संघटनांवर बंदी आली, ती १८६८ पर्यंत टिकली. अशा वेळी एकत्र येण्याचे निमित्त म्हणून गाण्याचे मोल किती वाढले असेल, हे सांगायला नको.

माझ्या दृष्टीने या कथेचा गाभा हेलसिंकीबाहेर आहे. १८६३ साली उनो सिग्नेउस याच्या पुढाकाराने मध्य फिनलंडमधील युवास्कुला या छोट्या गावात फिनिश माध्यमाचे पहिले अध्यापक विद्यालय सुरू झाले. तेथे एरिक आउगुस्ट हागफोर्स हा संगीताचा शिक्षक होता. त्याने भावी शिक्षकांना स्वरलेखन वाचायला, चार आवाजांत गायला आणि स्वतः वृंद बसवायला शिकवले. १८६६ च्या लोकशाळा कायद्याने गावोगावी शाळा निघू लागल्या, शाळेत गायन हा विषय आला, आणि या विद्यालयातून बाहेर पडलेला प्रत्येक शिक्षक आपल्या गावी एका कॉयरचे बीज घेऊन गेला. शेतमजूर, सुतार, चर्चमधला गायनप्रमुख, दुकानदार आणि शिक्षक स्वतः एका खोलीत बसून तीच गाणी शिकू लागले, जी दूरच्या दुसऱ्या गावात त्याच वेळी कोणीतरी शिकत होते. तुर्कू येथे १८७८ साली आणि हेलसिंकीत १८८२ साली चर्चच्या गायनप्रमुखांसाठी आणि ऑर्गनवादकांसाठी शाळा निघाल्या, त्यांचाही या कामाला हातभार लागला.

१८७४ साली लोकशिक्षणासाठी 'कान्सानवालिस्तुससेउरा' ही संस्था स्थापन झाली. तिने स्वस्त पुस्तके काढली, दिनदर्शिका काढल्या आणि गाण्याच्या वह्या छापून देशभर पोहोचवल्या. १८८४ साली तिच्याच पुढाकाराने युवास्कुला येथे पहिला गायनमहोत्सव भरला. एकच गीतसंच आधीच सर्वांना पाठवलेला होता. त्यामुळे एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे तेथे आली आणि पहिल्याच दिवशी एकत्र गाऊ शकली. राष्ट्र ही अमूर्त कल्पना जर कोठे कानांनी ऐकता आली असेल, तर ती अशा मैदानांवर, असे मला मनापासून वाटते.

विद्यापीठातही पालट झाला. १८८३ साली 'युलिओप्पिलासकुन्नान लाउलायात' हा फिनिश भाषेत गाणारा विद्यार्थी वृंद उभा राहिला आणि पेक्का युहानी हान्निकाइनेन याने त्याचे पहिले संचालन केले. पुढे हाच हान्निकाइनेन युवास्कुलाच्या अध्यापक विद्यालयात संगीत शिकवू लागला. विद्यापीठ आणि खेडे यांना जोडणारा धागा एवढा प्रत्यक्ष होता.

जाणकारांनी भर घालावी, मतभेद असल्यास अवश्य मांडावेत.

प्रतिसाद १

लेख आवडला. एक शंका मात्र मनात राहिली. 'कालेवाला'तली गाणी गाणारे करेलियाचे शाहीर एकटे किंवा दोघे मिळून गात. एकाने ओळ म्हणायची आणि दुसऱ्याने ती उचलायची, अशी त्यांची पद्धत होती. चाल चार-पाच स्वरांत फिरणारी, आणि तीच पुन्हा पुन्हा येणारी. चार आवाजांची जर्मन रीत आणि ही जुनी एकसुरी गायकी यांचा एकमेकींशी काहीच संबंध दिसत नाही. मग ज्या गाण्याने राष्ट्र जागे झाले असे आपण म्हणता, त्यात त्या राष्ट्राचे स्वतःचे संगीत कितपत होते?

धागाकर्त्याचे उत्तर

प्रश्न अगदी मर्मावरचा आहे. १८९० पर्यंत त्याचे प्रामाणिक उत्तर 'फारच थोडे' असे द्यावे लागेल. पासियुस, कार्ल कोलान, एमिल गेनेत्स यांची देशभक्तिपर गाणी ऐकली तर ती जर्मन पुरुषवृंदांच्या गाण्यांची सख्खी भावंडे वाटतात. लोकगीते गायली जात, पण त्यांनाही तोच चौसुरी पोशाख चढवलेला असे. स्वीडिश गाण्यांचे फिनिश अनुवाद करताना आणखी एक अडचण येई. फिनिश भाषेत आघात नेहमी पहिल्या अक्षरावर पडतो, आणि आघाताआधी एक हलका स्वर घेऊन सुरू होणाऱ्या जर्मन-स्वीडिश चालींत फिनिश शब्द अवघडून बसत.

हे अवघडलेपण दूर केले सिबेलियसने, आणि त्याच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिण्याचा मोह मला आवरत नाही. त्याची मातृभाषा स्वीडिश होती. फिनिश तो हामेनलिन्नाच्या शाळेत शिकला. १८९१ साली त्याने पोर्वो येथे लारिन पारास्के या इंग्रियाच्या लोकगायिकेचे गाणे ऐकले. त्यानंतर लगेच, २८ एप्रिल १८९२ रोजी, हेलसिंकीत त्याची 'कालेवाला'तील कथेवरची 'कुल्लेर्वो' ही रचना प्रथम सादर झाली. तिच्यात पुरुषवृंद आहे, पण तो बराच वेळ चार आवाजांत न गाता एकाच सुरात कथा सांगतो, आणि तिसऱ्या भागात ताल पाच मात्रांचा आहे. 'कालेवाला'चे वृत्त आठ अक्षरांचे, आणि गाताना शेवटची दोन अक्षरे लांबवली की पाच मात्रांचा तो डोलारा आपोआप उभा राहतो. म्हणजे सिबेलियसने भाषेच्या चालीवर संगीत बसवले.

विना-वाद्य गायनातही त्याने हेच केले. १८९३ साली 'वेनेमात्का' आणि १८९४ साली 'राकास्तावा' या रचना त्याने विद्यार्थी वृंदासाठी लिहिल्या. 'वेनेमात्का'चे शब्द 'कालेवाला'तले आहेत, 'राकास्तावा'चे शब्द ल्योनरोटच्याच 'कांतेलेतार' या १८४० च्या गीतसंग्रहातले. 'राकास्तावा' वृंदाच्या स्पर्धेसाठी होती आणि तिला दुसरे पारितोषिक मिळाले. पहिले मिळाले ते गेनेत्सच्या 'हाक्कापेलीत्ता' या वीरश्रीच्या गाण्याला. त्या निर्णयावरून तत्कालीन कानांना काय ओळखीचे वाटत होते ते कळते. आज मात्र फिनलंडमधील पुरुषवृंदांच्या कार्यक्रमांत 'राकास्तावा'चे स्थान अढळ आहे. आपल्या प्रश्नाचा रोख लक्षात घेऊन असे म्हणतो की आधी गाण्याची सवय परक्या साच्यात तयार झाली, आणि ती सवय अंगी असलेले गायक हाताशी होते म्हणूनच सिबेलियसला देशी घाट घडवता आला. गायकच नसते, तर त्याने कोणासाठी लिहिले असते?

प्रतिसाद २

धागाकर्त्यांच्या मांडणीत एक गोष्ट अधिक स्पष्ट व्हायला हवी. 'राष्ट्रभावना' म्हटले की वाचकाच्या मनात स्वातंत्र्यलढ्याचे चित्र उभे राहते, आणि एकोणिसाव्या शतकातील फिनलंडला ते लागू पडत नाही. १८९९ पर्यंत फिनिश राष्ट्रवादी बहुतांशी राजनिष्ठ होते. झार दुसरा अलेक्झांडर याने १८६३ साली प्रतिनिधिसभा पुन्हा बोलावली आणि त्याच वर्षी फिनिश भाषेला कारभारात क्रमाने स्थान देण्याचा हुकूम काढला. त्यामागे योहान विल्हेल्म स्नेलमन या फिनिश विचारवंताचे प्रयत्न होते. लोकांनी ते उपकार मानले आणि १८९४ साली हेलसिंकीच्या सिनेट चौकात त्या झारचा पुतळा उभा राहिला. तो घडवणारा शिल्पकार वाल्टर रूनेबेर्ग हा राष्ट्रगीताच्या कवीचा मुलगा. १८९६ साली दुसऱ्या निकोलसच्या राज्याभिषेकानिमित्त विद्यापीठाने समारंभ केला, तेव्हा त्यासाठीचे वृंदगीत सिबेलियसने रचले. महोत्सवांतही राजाला मानवंदना दिली जाई. गायकवृंदांनी सत्तेला आव्हान दिले असा समज होऊ नये, म्हणून हे लिहिले.

प्रतिसाद ३

वरील मुद्द्याशी पूर्ण सहमत आहे, आणि त्याला जोडून फिनलंडच्या दक्षिणेकडे, आखाताच्या पलीकडे पाहावे असे सुचवतो. एस्टोनियातील पहिला गायनमहोत्सव तार्तू येथे १८६९ साली भरला आणि त्यात योहान वोल्देमार यान्सेन याचे एस्टोनियन गीत पासियुसच्या याच चालीवर गायले गेले. आज दोन्ही देशांच्या राष्ट्रगीतांची चाल एक आहे, ती यामुळे. लाटव्हियाचा पहिला महोत्सव १८७३ साली रिगाला झाला. युवास्कुलाच्या आयोजकांसमोर तार्तूचा नमुना होता.

तरीही दोन्ही देशांची परिस्थिती सारखी नव्हती. तार्तूचा महोत्सव लिव्होनिया प्रांतातील भूदासत्व संपल्याच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त होता. तेथील शेतकरी जर्मन जमीनदारांच्या ताब्यातून बाहेर पडत होता. फिनलंडमध्ये भूदासत्व कधी नव्हते आणि प्रतिनिधिसभेत शेतकऱ्यांचा स्वतंत्र वर्ग होता. म्हणून एस्टोनियात गाण्याने जे काम केले त्यातला काही भाग फिनलंडमध्ये कायदा, शाळा आणि वृत्तपत्रे करत होती. एस्टोनियन माणूस आजही महोत्सवाशिवाय स्वतःच्या इतिहासाची कल्पना करू शकत नाही. फिनलंडमध्ये महोत्सवांना तेवढे मध्यवर्ती स्थान उरले नाही, याचे एक कारण मला यात दिसते.

प्रतिसाद ४

लेखात सर्वत्र पुरुषवृंदच दिसतात. स्त्रिया कोठे होत्या?

धागाकर्त्याचे उत्तर

विद्यापीठाच्या वृंदांत त्या नव्हत्या, कारण विद्यापीठाचे दरवाजेच त्यांना बराच काळ बंद होते. प्रवेशासाठी स्त्रियांना विशेष परवानगी घ्यावी लागे, ती अट १९०१ साली रद्द झाली. म्हणून 'राष्ट्राचा आवाज' म्हणून जो पुढे आला तो दीर्घकाळ पुरुषांचा होता, आणि ही मर्यादा मान्य केलीच पाहिजे. युवास्कुलाचे अध्यापक विद्यालय मात्र आरंभापासून स्त्रियांनाही शिकवत होते. त्यांच्यासाठी स्वतंत्र विभाग होता आणि तेथून निघालेल्या शिक्षिकांनीही शाळांत गाणे शिकवले. खेड्यातल्या शाळेभोवती जे वृंद जमले ते पुष्कळदा मिश्रवृंद होते, कारण गावात गाऊ शकणारी माणसे मोजकी असत आणि स्त्रियांना वगळून चार आवाज भरत नसत. हाइक्की क्लेमेत्ती याने १९०० साली स्थापन केलेला 'सुओमेन लाउलु' हा वृंदही आधी पुरुषांचा होता, तो १९०७ साली मिश्र झाला. प्रतिसाद १ च्या संदर्भात उल्लेखिलेली लारिन पारास्के हीदेखील स्त्रीच होती, आणि जुन्या गाण्याचा फार मोठा साठा तिच्या कंठात होता.

प्रतिसाद ५

स्वीडिश भाषकांची बाजू येथे यायला हवी. १८८० च्या सुमारास ते लोकसंख्येच्या साधारण सातव्या हिश्श्याइतके होते, आणि ते सगळेच काही श्रीमंत अधिकारी नव्हते. किनाऱ्यावर आणि बेटांवर राहणारे कोळी आणि शेतकरी त्यांत मोठ्या संख्येने होते. फिनिश भाषेचा आग्रह वाढू लागला तेव्हा त्यांनाही आपली ओळख गाण्यातून मांडावीशी वाटली. स्वीडिश माध्यमाच्या लोकशाळांना मदत करणारी संस्था १८८२ साली निघाली आणि १८९१ साली एकेनेस येथे स्वीडिश भाषकांचा स्वतंत्र गायनमहोत्सव झाला. म्हणजे एकाच देशात, एकाच रीतीने, दोन भाषांचे दोन समाज स्वतःला घडवत होते. गाण्याने माणसे जोडली हे खरे, पण कोणाला कोणाशी जोडायचे हा वादही त्याच व्यासपीठांवर चालला. कॉयरकडे पाहताना ही दुफळी नजरेआड करणे मला योग्य वाटत नाही.

धागाकर्त्याचे उत्तर

हा मुद्दा मोलाचा आहे. त्याला एकच पुस्ती जोडतो. १८९९ साली बाहेरचे संकट आले तेव्हा ही दुफळी काही काळ तरी मागे पडली, आणि तेही गाण्यातून दिसते. त्या वर्षी फेब्रुवारीत दुसऱ्या निकोलसने जाहीरनामा काढून फिनलंडची स्वायत्तता आखडती घेतली. निषेधाच्या अर्जावर काही आठवड्यांतच पाच लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. झारने तो घेऊन आलेल्या शिष्टमंडळाला भेटही दिली नाही. हेलसिंकीत लोक दुसऱ्या अलेक्झांडरच्या पुतळ्यापाशी फुले वाहू लागले. एका झारला वाहिलेली फुले दुसऱ्याविरुद्धचा निषेध ठरली, आणि प्रतिसाद २ मध्ये सांगितलेली राजनिष्ठा कशी बदलली ते यातून उमगते.

२६ एप्रिल १८९९ रोजी सिबेलियसच्या पहिल्या सिंफनीसोबत त्याचे 'आतेनार्नेस सोंग' हे नवे वृंदगीत सादर झाले. गाणारी मुले आणि पुरुष, साथीला पितळी वाद्ये आणि तालवाद्ये. शब्द विक्टर रिडबेर्ग या स्वीडिश कवीचे, म्हणजे स्वीडिशमध्ये, आणि विषय प्राचीन अथेन्सच्या तरुणांनी नगरासाठी प्राण देण्याचा. फिनलंडचे नावही त्यात नसल्याने सेन्सॉरला कात्री चालवायला जागा नव्हती, पण सभागृहातल्या प्रत्येकाला ते कोणाविषयी आहे हे कळले आणि गाणे पुन्हा गायला लावण्यात आले. भाषेचा झगडा तेव्हा आड आला नाही.

प्रतिसाद ६

चर्चा वाचून हे सर्व ऐकावेसे वाटते आहे. सुरुवात कोठून करावी?

धागाकर्त्याचे उत्तर

आधी 'माम्मे' शांतपणे पूर्ण ऐका, शक्य असल्यास वाद्यांशिवाय पुरुषवृंदाकडून. त्यानंतर गेनेत्सचे 'हेरा, सुओमी' ऐका, म्हणजे १८८० च्या दशकातील आवेश लक्षात येईल. मग लगेच 'वेनेमात्का' लावा. दोन मिनिटांच्या आतच ते संपते, पण शब्द आणि ताल यांचे नाते किती बदलले आहे हे पहिल्या ऐकण्यातच जाणवते. 'राकास्तावा'चे पुरुषवृंदाचे रूप निवडा. पुढे सिबेलियसने त्याच नावाने तंतुवाद्यांसाठी केलेली रचना वेगळी आहे आणि शोधताना तीच आधी सापडते. 'सिदामेनी लाउलु' हे १८९८ चे गाणे आलेक्सिस किवी याच्या शब्दांवर आहे. त्यात राष्ट्राचा उल्लेख नाही, एका मातेचे मृत बाळासाठीचे अंगाईगीत आहे, आणि फिनिश वृंद ते आजही अत्यंत हळुवार गातात. 'कुल्लेर्वो' सव्वा तासाच्या आसपासची असल्याने तिसरा भाग आधी ऐकून मग संपूर्ण रचनेकडे वळावे. 'फिनलंडिया'तील प्रार्थनेसारख्या भागावरचे गीत मात्र एकोणिसाव्या शतकातले समजू नका. मूळ वाद्यसंगीत १८९९ च्या एका प्रसंगातून आले, पण आज प्रचलित असलेले कोस्केन्निएमी याचे शब्द १९४० च्या सुमाराचे, युद्धकाळातले आहेत.